टाकीचे फ्लोट युनिट : जुन्या मोटारींतील मूळ युनिटची दुरुस्ती

मोटारीच्या पेट्रोल टाकीत बसवलेला, पेट्रोलच्या पातळीप्रमाणे आपला विद्युत रोध बदलणारा आणि तो बदल डॅशबोर्डवरच्या काट्यापर्यंत पोचवणारा भाग म्हणजे टाकीचे युनिट. कोल्हापुरातल्या गॅरेजांत ‘टाकीचा फ्लोट’ म्हटले की हे सगळे युनिटच अभिप्रेत असते. अँबॅसडर, पद्मिनी, विलीज जीप किंवा त्याहून जुन्या गाडीचा काटा बंद पडला, की पहिला संशय मीटरवर, म्हणजे डॅशबोर्डवरच्या त्या दर्शकावर जातो. बहुतेक वेळा मीटर निर्दोष असते; दोष टाकीत किंवा टाकीपासून निघणाऱ्या तारेत असतो.

विजेवर चालणारा काटा येण्याआधी पेट्रोल मोजायला लाकडी पट्टी असे. फोर्ड मॉडेल टी गाडीत सीट उचलून टाकीत पट्टी बुडवावी लागे. मॉडेल ए गाडीत टाकी डॅशबोर्डच्या मागेच असल्याने फ्लोटने थेट हलणारा यांत्रिक दर्शक पुरला. टाकी गाडीच्या मागच्या टोकाला गेली तेव्हा मधले अंतर कापायला वीज आली, आणि आजही सांभाळल्या जाणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्यांत तीच रचना आहे.

युनिटची घडण साधी आहे. टाकीच्या भोकावर स्क्रूने किंवा कड्याने आवळलेली गोल चकती, तिच्यातून बाहेर येणारे एक टर्मिनल, आत एक छोटी डबी, आणि डबीतून निघालेली दांडी. दांडीच्या टोकाला कॉर्कचा किंवा पितळी पत्र्याचा पोकळ फ्लोट. डबीच्या आत फायबरच्या पट्टीवर नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) बारीक तार गुंडाळलेली असते आणि दांडीबरोबर हलणारी पितळी जीभ त्या वेटोळ्यांवरून घसरते. फ्लोट वर-खाली झाला की परिपथात येणारी तार कमी-जास्त होते. परतीची वाट चकती, टाकी आणि चासी अशी, म्हणजे अर्थिंगमधून. काही युनिटांत ही फायबरची पट्टी एका टोकाला निमुळती असते. टाकीचा आकार सरळ चौकोनी नसल्याने अर्ध्या उंचीला अर्धे पेट्रोल नसते. त्याची भरपाई पट्टीच्या उताराने केलेली असते. नवी पट्टी सरळ कापणाऱ्या कारागिराचा काटा मधल्या भागात हमखास चुकतो तो यामुळेच.

युनिट आणि मीटर ही जोडी असते. जनरल मोटर्सच्या १९६४ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत रिकाम्या टाकीला ० आणि भरलेल्या टाकीला ३० ओहम (रोधाचे एकक) रोध असे. पुढे तो ० ते ९० झाला. फोर्डच्या पुढच्या काळातल्या युनिटांत क्रम उलटा : रिकामी ७३, भरलेली १०. व्हीडीओ या मीटर बनवणाऱ्या कंपनीच्या युनिटांत रिकामी ते भरलेली १० ते १८०, तशाच स्टुअर्ट वॉर्नर कंपनीच्या युनिटांत २४० ते ३३. बाजारात ‘सगळ्या गाड्यांना चालणारे’ म्हणून मिळणारे युनिट यांतल्या एखाद्याच मापाचे असते. भोके जुळली, दांडी जुळली, तरी आकडे जुळत नाहीत आणि काटा अर्ध्यावर अडकतो किंवा उलटा चालतो. पद्मिनी-अँबॅसडरचे नवे युनिट मिळून जाते, पण संस्थानी काळातल्या ब्युइक, डॉज किंवा मॉरिसला ते मिळेल याचा भरवसा नाही. अशा गाडीत मूळ युनिट टिकवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. त्यात भावनेचा भाग आहे, पण तो दुय्यम.

कोल्हापूरला अशा गाड्यांची सवय आहे. विजयादशमीला दसरा चौकातल्या शाही सोहळ्यात छत्रपती घराण्याची, राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक मोटार आजही येते. साध्या मालकांच्या बाबतीत २०२१ च्या केंद्रीय नियमांनी मूळ सुट्या भागांना वेगळे वजन दिले. ५० वर्षांपेक्षा जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन विंटेज म्हणून नोंदवता येते आणि त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. फ्लोट युनिटमुळे कुणाची नोंदणी अडत नाही हे खरे. पण एकेक भाग बदलत गेले की मूळ स्वरूप कुठे संपते, हा प्रश्न अशाच किरकोळ भागांपासून सुरू होतो.

बिघाडाची कारणे ठरलेली आहेत : तार तुटते, जीभ झिजते, चकती गंजते, फ्लोट बुडतो. कोल्हापुरात दोन कारणांची भर पडते. पहिले पाणी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरात शाहूपुरीसारख्या भागांत पाणी शिरले. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत, झाकणातून किंवा हवा जाण्याच्या नळीतून, गाळासकट पाणी उतरू शकते. पेट्रोल उपसून गाडी सुरू केली तरी तळाला राहिलेले पाणी युनिटची डबी गंजवत राहते. दुसरे कारण उसाचे. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर गेले आणि जिल्ह्यातल्या काही साखर कारखान्यांच्या आसवन्याही इथेनॉल पुरवतात. जुन्या कॉर्कच्या फ्लोटवर लाखेचा थर असे. लाख शुद्ध पेट्रोलला दाद देत नाही, पण अल्कोहोलात विरघळते. सुतार पॉलिशसाठी ती स्पिरिटमध्येच विरघळवतो. थर गेला की कॉर्क पेट्रोल पितो, जड होतो आणि भरल्या टाकीतही काटा पावावर येतो. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी राहिलेली गाडी पाणी स्वतःच जमवते.

टाकी उघडण्याआधी तपासणी. युनिटच्या टर्मिनलवरची तार काढून किल्ली चालू करावी, मग तीच तार क्षणभर चासीला टेकवून, म्हणजे अर्थ करून पाहावी. जनरल मोटर्सच्या पद्धतीच्या दोन कॉइलच्या मीटरमध्ये तार सोडली की काटा ‘भरलेली’कडे आणि अर्थ केली की ‘रिकामी’कडे जातो. १९६० च्या दशकात ब्रिटिश गाड्यांत रुळलेल्या स्मिथ्स कंपनीच्या द्विधातू पट्टीच्या (दोन धातूंची, तापली की वाकणारी पट्टी) मीटरमध्ये याच्या उलट घडते. या दुसऱ्या प्रकाराला सरासरी १० व्होल्ट देणारा स्टॅबिलायझर लागतो. तो बिघडला तर पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकदमच खोटे दाखवतात, आणि मग टाकीला हात लावायची गरज नसते. असे मीटर फार वेळ थेट अर्थ करून ठेवू नये, आतली तापणारी तार जळते. काही जुन्या फोर्ड गाड्यांत टाकीतल्या युनिटमध्येच द्विधातू पट्टी असते. तिथे ओहम मोजून काही कळत नाही.

मीटर दोन्ही टोकांना नीट गेले, तर पुढची शंका अर्थिंगची. रंगकाम करून आलेल्या गाडीत हा दोष इतका सापडतो, की पेंटरने गाडी परत दिली की आधी तोच पाहावा. टाकीवर, चकतीवर आणि स्क्रूखाली रंगाचा थर बसतो आणि परतीची वाट बंद होते. चकतीच्या एका स्क्रूखालून चासीपर्यंत वेगळी तार टाकली की अनेक ‘नादुरुस्त’ युनिटे तिथेच चालू होतात.

युनिट काढताना टाकी पाव भरापेक्षा रिकामी हवी आणि बॅटरीची अर्थची तार सुटी हवी. जुन्या ब्रिटिश गाड्यांत अर्थ पॉझिटिव्ह असतो, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक चासीला जोडलेले असते, हे ध्यानात ठेवावे. विलीज जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असल्याने काम सोपे. मागे टाकी असलेल्या गाड्यांत कधी कधी सगळी टाकीच उतरवावी लागते. अडकलेले कडे फिरवायला लोखंडी छिन्नी कधीही वापरू नये. पितळी किंवा लाकडी तुकडा ठेवून ठोकावे, ठिणगी पडत नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेटू शकते. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

डबी उघडल्यावर दांडी हाताने सावकाश फिरवून रोध पाहावा. इथे काट्याचा जुना मल्टीमीटर आकड्यांच्या मीटरपेक्षा कामाचा : तार एका जागी तुटली असेल तर काटा त्या क्षणी उडी मारतो, आकड्यांच्या मीटरला ती उडी दाखवायला वेळ लागतो. नुसता मळ असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्टचा स्प्रे आणि मऊ ब्रश पुरे. पॉलिश पेपर मात्र या वेटोळ्यांचा शत्रू. आधीच झिजलेली तार आणखी पातळ होते आणि महिन्याभरात तुटते.

तार बहुधा टोकाला, रिव्हेटपाशी तुटते. नायक्रोमला साधा डाख (सोल्डर) धरत नाही. तुटलेले टोक तांब्याच्या चिमुकल्या पत्र्यात दाबून धरायचे आणि मग तो पत्रा रिव्हेटला डाखायचा, ही खात्रीची रीत आहे. मधे तुटली असेल तर पूर्ण पट्टी पुन्हा गुंडाळावी. हिशेब अवघड नाही. ०.२ मिलिमीटर जाडीच्या नायक्रोम तारेचा रोध मीटरला सुमारे ३५ ओहम असतो, म्हणजे ९० ओहमसाठी अडीच मीटरहून थोडी जास्त तार लागते. पट्टी १० मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असेल, तर सुमारे ११५ ते १२० वेटोळी. मूळ तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजावी आणि वेटोळी मोजून लिहून ठेवावीत. अंदाजाने केलेले वाइंडिंग काट्याला पुरते भरकटवते. दोन वेटोळी एकमेकांना चिकटली तर तेवढा रोध नाहीसा होतो. उद्यमनगरात पंपांच्या मोटारी वाइंड करणाऱ्या कारागिराच्या हाताला बारीक तारेची सवय असते, पण तिथली तार इनॅमल चढवलेली तांब्याची. इथे तार उघडी, तिच्यावरूनच जीभ फिरायची, म्हणून अंतर राखणे हेच खरे कसब. झिजलेल्या जिभेच्या टोकाला नवा पितळी किंवा चांदीचा ठिपका बसवायचा असेल, तर गुजरीतला सोनार लेथवाल्यापेक्षा जवळचा.

पितळी फ्लोटला भोक आहे का, हे गरम पाण्यात बुडवून कळते : आतली हवा प्रसरण पावते आणि गळतीच्या जागी बुडबुडे येतात. आत पेट्रोल गेले असेल तर पुढचे काम घाईने करू नये. डाख साधारण १८५ ते १९० अंशांना वितळतो, पण डाखायच्या सोल्डरिंग आयर्नचे टोक ३५० अंशांच्या घरात असते आणि पेट्रोलची वाफ त्याहून कमी तापमानाला ठिणगीशिवायही पेटू शकते. ज्योत नाही म्हणून धोका नाही, हा समज चुकीचा आहे. गळतीच्या समोरच्या बाजूला बारीक छिद्र पाडून सगळे पेट्रोल काढावे, फ्लोट मोकळ्या हवेत उकळत्या पाण्यात बराच वेळ ठेवावा आणि वास पूर्ण गेल्यावरच डाख द्यावा. दुसरे छिद्र ठेवण्याचे आणखी एक कारण आहे : बंद फ्लोट तापवला की आतली हवा ओल्या डाखाला बाहेर ढकलते आणि पुन्हा टाचणीएवढे भोक पडते. आधी शिवण डाखावी, फ्लोट थंड होऊ द्यावा, मग छिद्र एका झटक्यात बंद करावे. डाख थोडाच वापरावा, कारण जड झालेला फ्लोट खोल तरंगतो. कॉर्कचा फ्लोट वाळवून पुन्हा लाख लावण्यात आता अर्थ नाही; इथेनॉलला टिकणारा नायट्राइल रबराचा त्याच मापाचा फ्लोट बसवावा. मूळ भाग राखायचा हट्ट इथे सोडलेला बरा.

बसवण्याआधी युनिट बाहेरच मीटरला आणि अर्थला जोडून दांडी फिरवून पाहावी. दांडी वाकवली की सगळे वाचन एका बाजूला सरकते, पण रिकामी ते भरलेली हा पल्ला बदलत नाही. पल्ला बदलायला दांडीची लांबीच कमी-जास्त करावी लागते. ‘रिकामी’ची खूण टाकीत तीन-चार लिटर उरले असताना यावी असे ठेवणे सोयीचे. जुने पॅकिंग पुन्हा वापरू नये. टाकीत पाच-पाच लिटर मापून ओतावे, प्रत्येक वेळी गाडी सपाटीवर उभी असावी आणि काटा कुठे थांबतो ते कागदावर नोंदवावे. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना पेट्रोल टाकीच्या पुढच्या बाजूला सरकते. तिथे दोन कॉइलच्या मीटरचा काटा लगेच हलतो. द्विधातू पट्टीच्या मीटरला तापायला-निवायला वेळ लागत असल्याने तो वळणांवरच्या हिंदकळण्याकडे दुर्लक्ष करतो, पण लांब उतारावर तोही चुकतो. घाटातले वाचन म्हणूनच त्या नोंदीत धरत नाहीत.