शेवटच्या रिळातला निर्णय : नोकरी, संसार आणि हसू-आसूंच्या चित्रपटांची पार्श्वभूमी

करिअर आणि खासगी आयुष्य यांच्या पेचात सापडलेल्या नायिकेच्या हलक्याफुलक्या चित्रपटांवर बोलताना चर्चा बहुधा तिने शेवटी काय निवडले यावर येऊन थांबते. या चित्रप्रकाराचा इतिहास समजायचा तर आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. तो शेवट कोणी ठरवला, आणि शेवटच्या प्रसंगात प्रेक्षकांना हसवले ते कशावर, तिच्या कसबावर की तिच्या फजितीवर?

चित्रपटात काय दाखवायचे आणि काय नाही हे सांगणारी अमेरिकी स्टुडिओंची नियमावली १९३० साली तयार झाली, पण तिला धार आली ती १९३४ च्या मध्यापासून, प्रमाणपत्राशिवाय चित्रपट दाखवायचा नाही असे ठरल्यावर. विवाहसंस्थेचे आणि घराचे पावित्र्य जपले पाहिजे, असे कलमच तिच्यात होते. पटकथाकारांनी त्यातून एक वाट काढली. घटस्फोट झालेले किंवा होऊ घातलेले जोडपे घ्यायचे, दीड तास भांडू द्यायचे आणि अखेरीस पुन्हा एकत्र आणायचे. लग्नाला धक्का लागत नाही आणि मधल्या काळात बाई स्वतंत्रपणे बोलते, कमावते, पुरुषाला निरुत्तर करते.

'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) हा या युक्तीचा कळस. मूळ नाटक १९२८ चे, आणि त्यात वार्ताहर व संपादक दोघेही पुरुष. चित्रपटात वार्ताहर बाई झाली, तीही संपादकाची घटस्फोटित बायको. एवढ्या एका बदलाने नोकरी सोडण्याचा प्रश्न आपोआप लग्नाचा प्रश्न झाला. संवाद एकमेकांवर चढतात, तरी काही निसटत नाही. कारण वाक्यांच्या सुरुवातीला आणि शेवटी मुद्दाम बिनमहत्त्वाचे शब्द घातले होते आणि मुद्दा मधे ठेवला होता. इथे हसू येते ते तिच्या वेगाला दाद म्हणून. कैद्याची मुलाखत ती कशी घेते, बातमी टंकलेखन यंत्रावर कशी उतरवते, हे आपण पाहतो. ती काम सोडून गेली तर काय हरवेल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दोनच वर्षांनी आलेल्या 'वुमन ऑफ द इयर'च्या शेवटावरून आजही वाद होतो. पटकथा स्टुडिओकडे नेली ती खुद्द नायिकेची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने. लेखकांची नावे सुरुवातीला झाकून ठेवत तिने २ लाख ११ हजार डॉलरचा सौदा केला. त्या काळातली ही मोठी रक्कम, आणि पडद्यामागे एका स्त्रीच्या हाती आलेला तेवढाच मोठा अधिकार. गोष्ट आंतरराष्ट्रीय राजकारणावर लिहिणारी स्तंभलेखिका आणि त्याच वृत्तपत्रातला क्रीडा पत्रकार यांच्या लग्नाची. दोघांचे जग वेगळे, आणि दोघांनीही थोडे सरकायला हवे, असा मूळ पटकथेचा रोख होता. मूळ शेवट स्वयंपाकघरात नव्हताच. दिलजमाई व्हायची ती दोघांच्या लिहिण्याच्या आणि खेळाच्या जगातच.

पूर्वप्रदर्शनानंतर, म्हणजे प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळानंतर, हा शेवट काढला गेला. एवढी कर्तबगार, सुंदर, अनेक भाषा बोलणारी बाई पाहून प्रेक्षागृहातल्या गृहिणींना उणे वाटेल, तेव्हा तिला कशात तरी हरताना दाखवावे, असा निर्मात्यांचा हिशेब होता. नवा शेवट दुसऱ्याच लेखकाकडून लिहून घेतला. त्यात नायिका पहाटे नवऱ्याच्या घरी येते आणि न्याहारी करायला लागते. वॉफलचे पीठ यंत्राबाहेर फुगून येते, कॉफी उतू जाते, टोस्ट हवेत उडतात. प्रसंग बराचसा मूक आहे, जुन्या धडपडीच्या विनोदासारखा. नवरा दारात उभा राहून पाहतो.

मूळ लेखकांना आणि अभिनेत्रीला हा शेवट आवडला नव्हता. चित्रपटाला मात्र सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले, आणि त्यामुळे बदलच योग्य होता असे मानणारेही आहेत. त्यांच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. त्या प्रसंगाच्या शेवटी नवरा तिला नुसती बायको हो म्हणत नाही. तिचे नाव आणि आपले नाव जोडून चालेल, अशी मधली वाट सुचवतो. कागदावर ही तडजोडच आहे. पण पडद्यावर संवादापेक्षा वेळ जास्त बोलतो. तडजोडीच्या वाट्याला काही वाक्ये येतात आणि उतू जाणाऱ्या कॉफीला अख्खा प्रसंग. शिवाय आधीच्या दीड तासात तिला स्वयंपाक येतो की नाही हा प्रश्न कथेत कुठेच नव्हता. जो पेच उभाच केला नाही, त्याचे उत्तर शेवटी दिले गेले. पटकथेच्या कसोटीवरही हा दोषच ठरतो, बाईविषयीची दृष्टी बाजूला ठेवली तरी. पुढची कितीतरी वर्षे बॉस असलेल्या नायिकेला साधे अंडे उकडता येत नाही, हा विनोद चालत राहिला.

पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून 'गोल्डन ग्लोब' या मोठ्या पुरस्काराने नाट्य आणि विनोदी-संगीतप्रधान असे दोन कप्पे केले. तेव्हापासून मिश्र सुराच्या चित्रपटाला दोहोंपैकी एका दारातून जावे लागते. मराठीत सुखात्मिका आणि शोकात्मिका हे शब्द आहेत, पण या मधल्या प्रकाराला रुळलेले नाव नाही.

नियमावली जाऊन १९६८ मध्ये वयोगटानुसार वर्गीकरण आले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९७० पासून कोणाचा दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला आणि पाठोपाठ इतर राज्यांतही तसे कायदे झाले. पुनर्मिलनाची जुनी चौकट आता सक्तीची राहिली नाही. १९७४ च्या 'अ‍ॅलिस डझन्ट लिव्ह हिअर एनीमोर'मध्ये नवरा गेल्यावर विधवा आई मुलाला घेऊन गायिका व्हायला निघते आणि वाटेत पोटासाठी वेट्रेसचे काम धरते. अखेरीस तिच्यासाठी रँच सोडून यायला पुरुष तयार होतो. कोणी कोणाच्या गावी जायचे, हा प्रश्न निदान पुरुषालाही विचारला गेला. त्याच वर्षी आपल्याकडे 'रजनीगंधा' आला. दिल्लीची तरुणी नोकरीच्या मुलाखतीसाठी मुंबईला जाते आणि जुना प्रियकर भेटल्याने मन दोलायमान होते. हलक्या सुरातली ती गोष्ट पाहून झाल्यावर 'उंबरठा' (१९८२) पाहिला की कळते, हाच पेच हसण्याचा आधार काढून घेतला की किती टोकाला जातो.

१९७८ च्या 'अ‍ॅन अनमॅरिड वुमन'ची अखेर तर एका वस्तूवर उभी आहे. चित्रकार प्रियकराबरोबर उन्हाळा घालवायला नायिका नकार देते आणि तो जाताना तिच्या हाती एक प्रचंड चित्र देऊन जातो. वाऱ्याने हेलकावणारे ते चित्र सावरत ती रस्त्यावरून चालत राहते. हसूही येते, धास्तीही वाटते, आणि तोल तिचा तीच सांभाळते.

'नाइन टू फाइव्ह' (१९८०) मध्ये पेच एकटीचा राहत नाही. तिघीजणी साहेबाला डांबून कचेरी चालवतात आणि लवचिक वेळा, दोघींत वाटून घेण्याची नोकरी, पाळणाघर, समान वेतन असे बदल करतात. कंपनीचा अध्यक्ष येतो, सगळ्याचे कौतुक करतो आणि समान वेतन तेवढे रद्द करायला सांगतो. त्या एका वाक्यावर सिनेमागृह हसते. वास्तवात काय अडले होते, तेही त्यातच आहे.

या प्रकारातली सर्वांत घट्ट विणीची पटकथा 'ब्रॉडकास्ट न्यूज' (१९८७) ची. वृत्तवाहिनीची निर्माती रोज थोडा वेळ ठरवून रडते आणि कामाला लागते. देखणा निवेदक तिला आवडतो. त्याने एका मुलाखतीत डोळ्यांत पाणी आणलेले दिसते, पण मुलाखतीला कॅमेरा एकच होता. मग त्याचा चेहरा टिपला कधी? म्हणजे ते अश्रू नंतर वेगळे चित्रित करून जोडले होते. हे कळल्यावर ती त्याच्याबरोबर जायला नकार देते. प्रेमाचा निर्णय तिने संकलनाच्या ज्ञानावरून घेतला. खासगी आणि व्यावसायिक असे दोन फाटे इथे उरतच नाहीत. दोघांना जुळवणारी एक वेगळी अखेरही चित्रित झाली होती, ती वापरली नाही. त्याऐवजी सात वर्षांनंतरची भेट आली, आणि निर्माती, निवेदक व तिचा वार्ताहर मित्र या तिघांपैकी कोणीच कोणाचे झालेले नाही. 'वुमन ऑफ द इयर'च्या वेळी पूर्वप्रदर्शनाने जे हिरावले, ते इथे राखले गेले.

'वर्किंग गर्ल' (१९८८) मध्ये सचिव असलेल्या नायिकेला अखेर स्वतःची खोली मिळते. मग कॅमेरा खिडकीतून मागे सरकत जातो आणि ती खोली शेकडो सारख्या खिडक्यांमधली एक होते. आनंद खरा आहे, त्याचा आकारही खरा दाखवला आहे.

अशा पटकथांत कुठे बिघडते, हे आता पुरेसे स्पष्ट आहे. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरले, तर शंभर पानांच्या पटकथेत निर्णायक पेच पंचाहत्तरीच्या आसपास येतो. तोवर नायिका एखादे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करताना दिसली नसेल, तर नोकरी म्हणजे नुसती टेबलखुर्ची राहते. मुलाखत आणि साखरपुडा एकाच संध्याकाळी ठेवणे ही सर्वांत झिजलेली युक्ती. त्यात निवड घड्याळ करते, बाई नाही. तिसरी चूक वाग्दत्त वराला कंटाळवाणा किंवा दुष्ट करण्याची. एक वाट उघडच खड्ड्यात जात असेल, तर दुसरी धरण्यात निर्णय कसला? 'क्वीन'ने (२०१४) हा धोका जवळून टाळला. लग्न मोडणारा मुलगा परत येतो तेव्हा नायिका अंगठी त्याच्या हातात देते, आभार मानते आणि निघून जाते. त्याला धडा शिकवण्यात एक मिनिटही घालवत नाही.

अलीकडे फाट्यांची संख्याच वाढली आहे. 'फ्रान्सेस हा' (२०१२) मधली सत्ताविशीची नर्तिका नृत्यसंस्थेत कचेरीचे काम स्वीकारते आणि स्वतःची रचना बसवते. नव्या घराच्या टपालपेटीवर नावाची चिठ्ठी मावत नाही, तेव्हा ती दुमडून जेवढी बसते तेवढी बसवते. नॉर्वेच्या 'द वर्स्ट पर्सन इन द वर्ल्ड' (२०२१) ने प्रस्तावना, १२ प्रकरणे आणि उपसंहार अशी मांडणी घेतली. वैद्यकशास्त्र सोडून मानसशास्त्र, ते सोडून छायाचित्रण, हे सारे प्रस्तावनेतच उरकते. शेवटच्या रिळावर टांगून ठेवायचा एकच मोठा निर्णय इथे नाही. प्रत्येक प्रकरणात एखादा लहान निर्णय आहे, आणि काही प्रकरणांत तो घ्यायचा राहूनच जातो. उपसंहारात ती चित्रीकरणाच्या जागी स्थिरचित्रे काढताना दिसते. नंतर घरी संगणकासमोर बसून ती ती छायाचित्रे निवडत असते.