नाव (शब्द)

नाव : मराठीतील दोन अक्षरांचा शब्द. नपुंसकलिंगी ‘नाव’ म्हणजे व्यक्ती, वस्तू किंवा स्थळ ज्याने ओळखले जाते ते अभिधान, आणि स्त्रीलिंगी ‘नाव’ म्हणजे होडी. आजच्या प्रमाण मराठीत दोहोंचा उच्चार एकच असला तरी मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत. कोकण किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत गेले किंवा इथल्या बंदरांशी जुना व्यापार असलेल्या देशांकडे पाहिले, की हाच ध्वनी कुठे जहाज, कुठे ‘आम्ही’, तर कुठे जीभ अशा अर्थांनी भेटतो. त्यांतले सगेसोयरे कोणते आणि केवळ योगायोगाने शेजारी येऊन बसलेले कोणते, हे कानाने ठरवता येत नाही. त्यासाठी शब्दाचा मागचा प्रवास पाहावा लागतो.

अभिधानवाचक ‘नाव’ संस्कृत नामन् पासून आला. प्राकृतांच्या काळात दोन स्वरांमधल्या ‘म’चा अनुनासिक ‘व’ होण्याकडे कल होता. ग्रामचे गाव, जामातृचा जावई, आमलकचा आवळा, श्यामलचा सावळा आणि पंचमचा पाचवा झाला तो याच ओघात. नामचे ‘नांव’ही तसेच झाले. होडीवाचक ‘नाव’ आला तो संस्कृत नौ या शब्दापासून. तिथे ‘व’ मुळातच होता. नौची तृतीया ‘नावा’ अशी होते आणि प्राकृतातही ‘णावा’ आढळतो. हा शब्द फार जुना. नावेने नदी पार करावी तसे आम्हांला संकटांपार ने, अशी अग्नीची विनवणी ऋग्वेदात आहे. थोडक्यात, एका शब्दाने ‘म’ टाकला म्हणून तो दुसऱ्याच्या जवळ आला. दुसरा होता तिथेच राहिला.

या दोघांमध्ये शेवटपर्यंत टिकून राहिलेला फरक नाकातला होता. अभिधानाचे ‘नांव’ अनुस्वाराने लिहिले जाई, होडीची ‘नाव’ अनुस्वाराशिवाय. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, आणि छापील मराठीत दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसू लागले. प्रमाण भाषेपुरता हा निर्णय योग्यच होता. ज्याचा उच्चार होत नाही तो टिंब मुलांकडून पाठ करून घेण्यात अर्थ नव्हता. पण कोकणाच्या बाबतीत त्याने एक खूण पुसली, कारण इथे तो अनुस्वार सगळीकडे मेलेला नव्हता. चित्पावनी बोलीने अनुनासिक स्वर जपले. गोमंतकात आजही ‘तुजें नांव कितें?’ असे विचारतात आणि लिहितातही. मालवणीत हाच प्रश्न ‘तुजा नाव काय?’ असा येतो. बोलीतला आणि शेजारच्या भाषेतला जिवंत उच्चार पाहिला म्हणजे जुने टिंब शोभेचे नव्हते हे पटते.

लेखनातली खूण गेली तरी घोटाळा होत नाही, याचे श्रेय मराठीच्या लिंगव्यवस्थेला द्यायला हवे. नपुंसकलिंगी शब्दाचे सामान्यरूप ‘नावा-’, स्त्रीलिंगीचे ‘नावे-’. म्हणून ‘जमीन तिच्या नावावर आहे’ आणि ‘ती नावेवर आहे’ ही वाक्ये कोणी उलटसुलट समजत नाही. अनेकवचनातही ‘नावे’ म्हटले की अभिधाने आणि ‘नावा’ म्हटले की होड्या. विशेष म्हणजे मराठीने हीच वाटणी पुढे आणखी एका शब्दात केली. हाताचे बोट नपुंसकलिंगी होतेच. इंग्रजी अमलात समुद्रात चालणारी ‘बोट’ आली तेव्हा ती स्त्रीलिंगी झाली. नाव, होडी, नौका या आधीच्या शब्दांच्या रांगेत ती बसली असावी. ‘बोट लागलं’ म्हणजे स्पर्श झाला. ‘बोट लागली’ म्हणजे एकतर ती धक्क्याला आली किंवा प्रवाशाला मळमळू लागले. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले, पणजीपर्यंत आगबोटी चालत, त्या काळातला हा दुसरा प्रयोग कोकणातल्या वयस्कर माणसांच्या तोंडी अजून ऐकू येतो.

अर्थाचा पसारा मात्र दोघांना सारखा मिळालेला नाही. अभिधानाच्या ‘नावा’भोवती वाक्प्रचारांची दाटी आहे. बारशाला नाव ठेवतात, शेजाऱ्याला नावे ठेवतात. एकवचनाचे अनेकवचन झाले की कौतुकाची निंदा होते. नवी नवरी उखाण्यात नाव घेते आणि आषाढातला पाऊस थांबायचे नाव घेत नाही. मुलगा घराण्याचे नाव काढतो किंवा बुडवतो. वहीखात्यात जमेच्या समोर ‘नावे’ असते, म्हणजे ज्याच्या खात्यावर रक्कम टाकली तो देणेकरी. होडीच्या नावेला यातले थोडेच लाभले. ‘कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा’ ही म्हण पूल नसलेल्या नद्यांच्या काळातली आहे. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत मोटारी चढताना पाहिल्या की तिचा अर्धा भाग आजही खरा वाटतो. संतकवितेत मात्र दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. भवसागर तारून नेणारे नाम, आणि तारून नेणारी म्हणून तेच नौका, ही कल्पना वारकरी परंपरेत पुन्हा पुन्हा येते.

एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवायला हवी. कोकणच्या बंदरावरच्या रोजच्या बोलण्यात होडीला ‘नाव’ सहसा म्हणत नाहीत. तिथे होडी, बोट, मचवा, पडाव हे शब्द चालतात, आणि खाडी ओलांडण्याच्या जागेला व सोयीला ‘तर’ म्हणतात. (‘तर’ हाही याच जातीचा शब्द आहे. मराठीत तो उभयान्वयी अव्यय, कोकणात खाडी ओलांडण्याची जागा किंवा सोय, फारसीत ओला.) गोव्यात होडें, व्हडें, तारूं म्हणतात. ‘नाव’ पुस्तकात, कवितेत आणि ‘नावाडी’ या शब्दात राहिली.

किनाऱ्याने जाताना अर्थ कसा पालटतो ते पाहण्याजोगे आहे. गुजरातीत नाव म्हणजे फक्त होडी, कारण तिथे अभिधानाने ‘म’ सोडला नाही, ते ‘नाम’च राहिले. महाराष्ट्रात दोन्ही अर्थ. कोंकणीत ‘नांव’ म्हणजे अभिधान. काळी नदी ओलांडून कारवारच्या पुढे कानडी सुरू झाली, की ‘नावु’ म्हणजे ‘आम्ही’ किंवा ‘आपण’: ‘नावु मनेगे होगुत्तेवे’, आम्ही घरी जातो. तिथे अभिधानाला ‘हेसरु’ आणि होडीला ‘दोणि’ म्हणतात; संस्कृतातून आलेला ‘नावे’ हा जहाजवाचक शब्दही कानडीत आहे, पण तो ग्रंथिक. त्याखाली तुळू भाषेत ‘आपण सगळे’ यासाठी ‘नम’ आहे. केरळात पोचल्यावर ‘नाव्’ म्हणजे जीभ. कानडी सर्वनामाचा आणि मलयाळम जिभेचा मराठी ‘नावा’शी काहीही संबंध नाही, ते द्राविड कुळातले आपल्या जागचे शब्द आहेत. जिभेवर नाव येते म्हणून दोन्ही एक, अशी लोकव्युत्पत्ती रचणे सोपे असते, आणि अशी व्युत्पत्ती पटकन रुजते. म्हणूनच तिच्यापासून सावध राहावे.

समुद्रापलीकडे उलट चित्र दिसते. ध्वनी थोडा बदलतो, पण नाते खरे निघते. फारसीत ‘नाव’ म्हणजे जहाज आणि ‘नाम’ म्हणजे अभिधान, म्हणजे गुजरातीसारखीच वाटणी. आर्मेनियन भाषेत ‘नाव’ म्हणजे जहाजच. कुर्मांजी कुर्दीत मात्र त्याच ध्वनीचा अर्थ अभिधान असा होतो. तिथेही जुन्या ‘म’चा ‘व’ झाला, आणि मराठीपासून इतक्या दूर स्वतंत्रपणे तेच घडले. ग्रीक नाउस आणि लॅटिन नाविस हे संस्कृत नौचे सख्खे भाऊ. लॅटिनमधून पोर्तुगीजांचा ‘नाउ’ आला. १४९८ मध्ये कालिकतला पोचलेली वास्को द गामाची मोठी जहाजे याच प्रकारची, आणि पुढे चौल, वसई, गोवा इथल्या पाण्यात हा शब्द वावरला. चर्चमधल्या मधल्या लांब दालनाला पोर्तुगीजांत ‘नावे’ म्हणतात, तोही त्याच लॅटिन शब्दापासून. इंग्रजी ‘नेव्ही’ त्याच घरातली. ‘नॉशिया’ म्हणजे मळमळ हा शब्द तर ग्रीक जहाजापासूनच निघाला, म्हणजे ग्रीकांनाही आपल्यासारखीच बोट लागत होती. वेल्श भाषेतला ‘नाउ’ मात्र या रांगेतला नाही. त्याचा अर्थ नऊ, आणि तो आपल्या नवाचा नातलग.

कोकणच्या रोजच्या भाषेत जहाजवाचक ‘नाव’ सर्वांत जिवंत आहे ती ज्या शब्दात दिसत नाही त्या ‘नाखवा’मध्ये. फारसी नाव आणि खुदा, म्हणजे धनी, मिळून ‘नाखुदा’ झाला: जहाजाचा धनी किंवा कप्तान. कोळीवाड्यात त्याचा ‘नाखवा’ झाला, आणि तो मुख्यतः होडीच्या मालकाला लावतात. होडी हाकणारा प्रमुख तो तांडेल, हाताखालचे ते खलाशी. हाच शब्द अरबीत ‘नौखजा’ झाला, पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिलीत ‘नहोधा’ आणि मलाय भाषेत ‘नखोदा’. हिंदी महासागराच्या काठाकाठाने पसरलेल्या या यादीत कोकणचा वाटा आडनावांतही आहे: नाखवा हे आडनाव कोळ्यांत आढळते, आणि कोकणी मुसलमानांत नाखवा व नाखुदा अशी दोन्ही रूपे चालतात.