क्रिएटिनिन १.१, पण कुणाचं?

मिरजेहून आणलेल्या आत्याच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.१ होतं. शेजारी मर्यादा १.२ पर्यंत छापलेली, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र पडला नाही. आत्या ६० वर्षांची, आणि शुगर जुनी.

क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. ज्याच्या अंगावर मांस कमी, त्याच्या रक्तात ते मुळात कमीच असतं. म्हणून आकड्याला वय आणि लिंग जोडून ‘ईजीएफआर’, म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग काढतात. २०२१ च्या सूत्राने मी हिशोब करून पाहिला. १.१ हा आकडा २५ वर्षांच्या पुरुषाचा असेल तर वेग ९५ च्या आसपास येतो, आत्याचा ५७. हा वेग तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, तर त्याला दीर्घकालीन किडनी विकार म्हणतात.

दुसरी तपासणी लघवीची, आणि तीच बहुतेकदा राहून जाते. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं बहुतेक सगळं रक्तात परत घेतात. गाळणी सैल झाली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरतं. शुगरवाल्यांमध्ये ही गळती अनेकदा क्रिएटिनिन वाढण्याच्या आधीच सुरू होते. सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) किंवा त्याहून जास्त आलं, तर तपासणी पुन्हा करायची. ताप, लघवीचा संसर्ग किंवा अंगमेहनतीनेही ते तात्पुरतं वाढतं.

ही झाली शुगर आणि बीपीवाल्यांची गोष्ट. आमच्या वाळव्याच्या शिवारात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या ज्या टोळ्या उतरतात, त्यांच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते.

निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये ऊस तोडणाऱ्या तरुण पुरुषांच्या किडन्या निकामी होत होत्या. ना शुगर, ना बीपी. लघवीत अल्ब्युमिनही फारसं नाही, त्यामुळे नुसती लघवीची पट्टी बुडवून हा आजार हाती लागत नाही. आंध्रच्या उद्दानम भागात आणि श्रीलंकेच्या भातशेतीतही असाच आजार दिसला. कीटकनाशकं, जड धातू, सिलिका असे संशयित बरेच आहेत. मध्य अमेरिकेत मात्र सगळ्यात भक्कम पुरावा उन्हातली कष्टाची कामं आणि पाण्याची तूट यांच्याकडे बोट दाखवतो. तिथल्या संशोधकांनी हंगामाआधी आणि हंगामानंतर त्याच माणसाचं क्रिएटिनिन मोजलं, म्हणून तर घसरण दिसली. छापील मर्यादेशी ताडून ती दिसली नसती.

आपल्याकडचा ऊस बहुतेक हिरवाच तोडला जातो, तिकडे आधी जाळतात, हा फरक आहे. पण कोयता उचलणाऱ्या बाईला आडोसा नसतो, म्हणून ती पाणीच कमी पिते. संध्याकाळी कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी येते. शरीरात पाणी कमी असताना ती गोळी किडनीकडे जाणारं रक्त आणखी घटवते. हे माहीत असूनही आपण फडावर पहिल्या आठवड्यात आणि टोळी परतताना एकेकदा रक्त तपासत नाही, याचा मला राग येतो.

निकाराग्वातल्या एका कारखान्याने सावलीचे तंबू, ठरलेली विश्रांती आणि भरपूर पाणी दिल्यावर हंगामात किडनीला होणारी इजा कमी झाली. आमच्याकडे फडात दुपारी सावली मिळते ती ट्रॉलीच्या बुडाशी, तीही ट्रॉली भरून हलेपर्यंतच.