कीटो आहार: औषधाच्या मापातून वजनाच्या काट्यावर

भरपूर स्निग्ध आणि नाममात्र कर्बोदके असा आहार वर्षानुवर्षे घेतला तर चालतो का, यावर दोन्ही बाजू एकमेकांच्या अंगावर अभ्यासांचे दाखले फेकत असतात. गोंधळाचे कारण तसे साधे आहे. हा आहार बेतला गेला एका कामासाठी, गाजला दुसऱ्याच कामासाठी, आणि ‘लो-कार्ब’ म्हणताना कोण काय मोजतो याचा मेळ अजून बसलेला नाही. कुणी दिवसाला 20 ग्रॅम कर्बोदके धरतो, कुणी एकूण उष्मांकांच्या 40 टक्के. 2,000 उष्मांकांच्या आहारात 40 टक्के म्हणजे 200 ग्रॅम. नाव एक आणि फरक दहापट.

कमी कर्बोदकांची वंशावळ बहुतेक जण विल्यम बँटिंगपासून सुरू करतात. (इन्शुलिनवाला बँटिंग वेगळा.) लंडनमध्ये अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या या गृहस्थाने 1863 मध्ये पत्रक छापून आपले वजन 202 पौंडांवरून 156 वर कसे आले ते सांगितले. त्याचे डॉक्टर विल्यम हार्वे यांनी पाव, साखर, बिअर आणि बटाटा बंद करायला लावले होते, हे सगळे सांगतात. त्याच यादीत दूध आणि लोणीही होते, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणजे तो आहार पीठ-साखर कमी केलेला होता, स्निग्धाने भरलेला नव्हता. त्याला कीटोचा आजोबा ठरवणे म्हणजे ओढूनताणून नाते जोडणे आहे.

कीटोचा खरा जन्म अपस्माराच्या उपचारात झाला. उपासात झटके कमी होतात हे वैद्यकाला फार जुने ठाऊक होते. 1911 मध्ये पॅरिसमध्ये गेल्पा आणि मारी यांनी त्याच्या पद्धतशीर नोंदी केल्या. अडचण एवढीच की उपास किती दिवस चालवणार? 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक रुग्णालयाच्या रसेल वाइल्डर यांनी तोड सुचवली: उपासाचा गुण रक्तात वाढणाऱ्या कीटोनांमुळे (चरबी जळताना यकृतात बनणाऱ्या पदार्थांमुळे) येत असेल, तर खाऊ घालूनही कीटोन वाढवता येतील. त्यासाठी कर्बोदके जवळजवळ काढून टाकायची आणि ती जागा स्निग्धाने भरायची. ‘कीटोजेनिक’ हे नाव त्यांचेच. 1925 मध्ये तिथल्याच पीटरमन यांनी मुलांसाठी माप ठरवले. वजनाच्या दर किलोमागे 1 ग्रॅम प्रथिने, दिवसाला 10 ते 15 ग्रॅम कर्बोदके आणि उरलेले सगळे स्निग्ध.

हे माप कागदावर मांडून पाहिले की आहाराचा स्वभाव कळतो. आजही वापरात असलेले 4:1 प्रमाण घ्या. 4 ग्रॅम स्निग्धाला प्रथिने व कर्बोदके मिळून 1 ग्रॅम. 4 ग्रॅम स्निग्धाचे 36 उष्मांक आणि उरलेल्या ग्रॅमचे 4, असे एका एककाचे 40 होतात. 15 किलोच्या मुलाला 1,000 उष्मांक द्यायचे तर 25 एकके लागतील, म्हणजे 100 ग्रॅम स्निग्ध आणि बाकी 25 ग्रॅम. त्यातले 15 ग्रॅम प्रथिनांना गेले की दिवसभराच्या कर्बोदकांसाठी 10 ग्रॅम उरतात. नव्वद टक्के उष्मांक स्निग्धातून येतात. इतक्या अरुंद जागेत अंदाजपंचे चालत नाही, म्हणून ग्रॅमचा काटा लागतो, ताटात राहिलेले तेलसुद्धा निपटून खायला लावतात आणि गोड सिरपातले औषध दिले तर त्यातली साखरही हिशेबात धरतात. दोन चमचे सिरप दिवसाचे गणित बिघडवू शकते.

1938 मध्ये फेनिटॉइन या अपस्माराच्या गोळीचा गुण सिद्ध झाला आणि एवढी यातायात करायला कुणी तयार राहिले नाही. 1971 मध्ये हटनलोकर यांनी मध्यम लांबीच्या स्निग्धाम्लांचे एमसीटी तेल वापरून नियम सैल केले, कारण त्या तेलातून कीटोन जास्त बनतात आणि थोडी अधिक कर्बोदके चालतात. पण पोटात मुरडा आणि जुलाब यांनी पुष्कळांना हैराण केले. आहार पुन्हा उचलला गेला तो 1990च्या दशकात, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या कामामुळे. खरा यादृच्छिक प्रयोग (कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणारा) मात्र थेट 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनमधल्या या प्रयोगात औषधांना दाद न देणारी 145 मुले होती. तीन महिन्यांनी आहारावरच्या 38 टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले, तर नेहमीच्या उपचारावरच्या गटात 6 टक्क्यांचे. औषध म्हणून हा आहार चालतो, याबद्दल आता वाद नाही.

दीर्घ मुदतीचे काय होते याची सर्वांत नीट नोंदही याच मुलांकडून मिळते. जॉन्स हॉपकिन्सने 2006 मध्ये सहा वर्षांहून जास्त काळ आहारावर असलेल्या 28 मुलांचा हिशेब मांडला. 24 जणांचे झटके 90 टक्क्यांहून अधिक घटले होते. त्याच वेळी 7 जणांना मुतखडा झाला होता, 6 जणांची हाडे मोडली होती, आणि 23 मुलांची उंची वाढीच्या तक्त्यावर दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली, म्हणजे त्या वयाच्या सर्वांत बुटक्या दहा टक्क्यांत, होती. (सुरुवातीला अशी 11 होती.) मुतखड्याचे कारण माहीत आहे. कीटोसिसमध्ये, म्हणजे रक्तात कीटोन वाढलेल्या अवस्थेत, मूत्र आम्लधर्मी होते, त्यातले सायट्रेट घटते आणि कॅल्शियम जास्त जाते. म्हणून आता पोटॅशियम सायट्रेट देतात आणि पाणी भरपूर पाजतात. सेलेनियम कमी पडून हृदयाचा स्नायू दुबळा झाल्याच्याही नोंदी आहेत, त्यामुळे जीवनसत्त्वे आणि खनिजे वेगळी दिली जातात. ही मुले गंभीर आजारी होती, इतर औषधेही घेत होती. त्यांचे आकडे धडधाकट प्रौढाला जसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत. पण ‘कीटो शंभर वर्षे सुरक्षित ठरला आहे’ असे सांगणारे ज्या शंभर वर्षांचा हवाला देतात, ती ही.

प्रौढांचा जुना दाखला म्हणजे शोधप्रवासी स्टेफान्सन. 1928 मध्ये तो आणि त्याचा सहकारी अँडरसन न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाच्या देखरेखीखाली वर्षभर फक्त मांस खाऊन राहिले. सुरुवातीला स्टेफान्सनला मुद्दाम चरबी नसलेले मांस दिले, तेव्हा दोन-तीन दिवसांत जुलाब लागले; चरबी वाढवताच तो सावरला. प्रयोग मोठा सुरेख. पण माणसे दोन आणि वर्ष एक.

उलट्या बाजूचा, म्हणजे कमी स्निग्धाच्या सल्ल्याचा, इतिहासही सरळ नाही. अँसल कीज यांच्या 1958 मध्ये सुरू झालेल्या सात देशांच्या अभ्यासात हृदयविकाराचा संबंध दिसला तो संपृक्त स्निग्धाशी. क्रीट बेटावर लोक ऑलिव्ह तेलामुळे भरपूर स्निग्ध खात होते आणि तिथे हृदयविकार अगदी कमी होता. 1977 मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने मात्र एकूण स्निग्ध 30 टक्क्यांवर आणा आणि कर्बोदके 55 ते 60 टक्क्यांपर्यंत वाढवा असे सांगितले. कारखान्यांनी ते आपल्या सोयीने ऐकले: स्निग्ध काढले आणि त्या जागी साखर व मैदा घातला. अॅटकिन्सचे कमी कर्बोदकांचे पुस्तक 1972 मध्येच आले होते आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याला झोडपले. पण ‘फॅट-फ्री’ डबे खाऊनही वजन वाढतच राहिले, तसे लोक त्याच्याकडे परत वळले.

खुद्द प्रयोग सुरू व्हायला नवे शतक उजाडावे लागले. 2003 चा 63 लठ्ठ व्यक्तींचा प्रयोग पुढच्या बहुतेकांचा नमुना ठरला. सहा महिन्यांत कमी कर्बोदकांच्या गटाचे वजन 7 टक्के घटले, नेहमीच्या कमी स्निग्धाच्या गटाचे 3.2 टक्के. बारा महिन्यांनी 4.4 विरुद्ध 2.5, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरले, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) चढले, हे खरे. पण सुमारे 40 टक्के लोक मधेच गळाले. 2018 मध्ये 609 जणांच्या प्रयोगात वर्षअखेरीला कमी स्निग्धाच्या गटाचे 5.3 किलो आणि कमी कर्बोदकांच्या गटाचे 6 किलो वजन उतरले, म्हणजे जवळपास बरोबरी. कमी कर्बोदकांच्या गटाला आधी दिवसाला 20 ग्रॅम कर्बोदकांपर्यंत उतरवले होते. वर्षअखेरीस ते दिवसाला 130 ग्रॅमच्या आसपास खात होते. दहा वर्षांचा कीटो-प्रयोग का होत नाही याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

पहिल्या आठवड्यातल्या जादूचाही उलगडा इथेच करायला हवा. शरीरात 400-500 ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा साठा) असते आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी. साठा रिकामा झाला की दीड-दोन किलो वजन उतरते, त्यात चरबी जेमतेम. शिवाय इन्शुलिन घटल्याने मूत्रपिंडे मीठ सोडतात. डोके दुखणे, गरगरणे आणि पोटऱ्यांत गोळे येणे यांचे कारण बहुधा तेच.

मधुमेहात फायदा जास्त स्पष्ट आहे. 2021 मध्ये 23 प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात सहा महिन्यांनी कमी कर्बोदकांच्या गटातल्या 57 टक्के लोकांचा एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचे सरासरी माप) 6.5 टक्क्यांच्या खाली होता, इतरांत 31 टक्क्यांचा. वर्षभरात ही आघाडीही विरघळत गेली.

मग उरतात निरीक्षणाचे अभ्यास. 2018 मध्ये 15,428 अमेरिकनांच्या सुमारे 25 वर्षांच्या नोंदींत 50 ते 55 टक्के कर्बोदके खाणाऱ्यांचे मृत्यू सर्वांत कमी होते. त्याहून बरीच कमी आणि बरीच जास्त, दोन्हीकडे ते वाढले. कर्बोदकांची जागा प्राणिज पदार्थांनी घेतली तर धोका वाढला, वनस्पतिजन्य पदार्थांनी घेतली तर घटला. या अभ्यासातल्या ‘कमी’चा अर्थ 40 टक्क्यांहून कमी असा होता. कीटोचा दोष किंवा गुण त्यातून काढणे म्हणजे मोटारीची चाचणी घेऊन विमानावर अभिप्राय देणे.

जवळचा, खराखुरा प्रश्न एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा आहे. काहींचे ते हलत नाही, तर काहींचे, विशेषतः सडपातळ व्यक्तींचे, झपाट्याने चढते, आणि कुणाचे चढेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून सुरू करण्याआधी एकदा आणि वजन स्थिरावल्यावर पुन्हा लिपिड (रक्तातले कोलेस्टेरॉल व चरबी) तपासावे. चढलेले दिसले तर लोणी, साय आणि खोबरेल कमी करून ती जागा ऑलिव्ह तेल, सुकामेवा आणि माशांना देणे हा पहिला उपाय. कर्बोदके त्यासाठी वाढवावीच लागतात असे नाही.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया (इन्शुलिन वाढवणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्यांची मात्रा मात्र डॉक्टरांकडून पहिल्या दिवसापासून कमी करून घ्यावी लागते, नाहीतर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. ‘ग्लिफ्लोझिन’ने शेवट होणाऱ्या नावांची मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर हा आहार स्वतःहून सुरूच करू नये. ही औषधे मूत्रावाटे साखर घालवतात. वर कर्बोदके तोडली की कीटोन बेफाम वाढू शकतात. पोषणातल्या कीटोसिसमध्ये रक्तातले कीटोन लिटरला 0.5 ते 3 मिलिमोल असतात, कीटोअॅसिडोसिसमध्ये (कीटोनांनी रक्त आम्लधर्मी होऊन जिवावर बेतणाऱ्या अवस्थेत) ते बहुधा 10 च्या पुढे जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2015 मध्ये या औषधांबद्दल तसा इशारा दिला. घात होतो तो असा: उलट्या, पोटदुखी आणि धाप असते, पण ग्लुकोमीटरवर साखर जवळपास नॉर्मल दिसते, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. अशा वेळी कीटोन तपासायचे असतात, साखर नव्हे.