एचआयव्हीबाधित स्त्रियांमधील गर्भाशयमुखाचा एचपीव्ही संसर्ग

मानवी पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) गर्भाशयमुखाच्या पेशींना होणारा, बहुधा लक्षणरहित संसर्ग. एचआयव्हीबाधित स्त्रियांमध्ये तो अधिक प्रमाणात आढळतो, बऱ्याचदा एकाच वेळी अनेक प्रकारांचा असतो आणि अधिक काळ टिकतो. त्यांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो. कर्करोगजनक प्रकारांपैकी १६ व १८ हे प्रमुख. ते १९८३-८४ च्या सुमारास हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने शोधले. योगायोग असा की, २००८ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग त्यांना, तर उरलेला अर्धा एचआयव्हीच्या दोन शोधकर्त्यांना विभागून मिळाला.

हे दोन संसर्ग एकत्र का आढळतात, याविषयी प्रारंभी मतभेद होते. दोन्हींचा मार्ग लैंगिक असल्याने हे केवळ साहचर्य असावे, असे एक मत होते. १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसृत गर्भाशयमुख कर्करोगाचा समावेश एड्सनिदर्शक आजारांत झाला, तेव्हाही पुरावा तोकडाच होता. पुढील दीर्घ पाहण्यांत सीडी-४ पेशी (एचआयव्ही नष्ट करतो त्या प्रतिकारक पांढऱ्या पेशी) घटतील तसे एचपीव्हीचे प्रमाण वाढताना दिसले आणि प्रतिकारक्षमतेच्या ऱ्हासाचे कारण बहुतेकांनी स्वीकारले. एचआयव्हीची काही प्रथिने एचपीव्हीच्या जनुकांना थेट चालना देतात, हा दावा मुख्यतः प्रयोगशाळेपुरता राहिला आहे.

तपासणीत नव्याने दिसलेला विषाणू खरोखर नवा असतो की जुनाच सुप्तावस्थेतून जागा झालेला, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. लैंगिक संबंध थांबलेल्या, रक्ताच्या दर घन मिलिमीटरमागे सीडी-४ पेशी २०० पेक्षा कमी असलेल्या स्त्रियांतही नवे प्रकार आढळल्याने पुनर्जागृतीची बाजू बळकट झाली. त्यामुळे केवळ अशा अहवालावरून त्या बाईवर वा तिच्या नवऱ्यावर संशय घेणे गैर ठरते. प्रकार १६ मात्र सीडी-४ संख्येशी तुलनेने कमी निगडित दिसतो. निरोगी शरीरातही तो प्रतिकारयंत्रणेला चुकवत असावा, असे स्पष्टीकरण दिले जाते.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या औषधांच्या, उपचारांच्या परिणामाबद्दलचे आरंभीचे निष्कर्ष परस्परविरोधी होते. त्या काळी औषधे उशिरा, प्रतिकारशक्ती बरीच खालावल्यावर सुरू होत, हे त्याचे एक कारण असू शकते. २०१८ मधील एकत्रित विश्लेषणात एआरटी घेणाऱ्या स्त्रियांत कर्करोगजनक एचपीव्ही आणि कर्करोगपूर्व बदल कमी आढळले. तरीही औषधे चालू आहेत म्हणून गर्भाशयमुखाची तपासणी टाळता येत नाही.

पुण्यातही एचआयव्हीबाधित स्त्रियांच्या तपासणीवर अभ्यास झाले आहेत. व्हीआयए या नुसत्या डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीत गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के ॲसिटिक आम्ल लावून सुमारे मिनिटभराने पाहिल्यास विकृत भाग पांढरा दिसतो. ही पद्धत स्वस्त असली तरी निदान पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही-डीएनए चाचणीला पसंती दिली: एचआयव्हीबाधित स्त्रियांसाठी २५ व्या वर्षापासून, दर ३ ते ५ वर्षांनी. चाचणी सकारात्मक आल्यास लगेच उपचार न करता आणखी एका तपासणीने खात्री करावी, असेही सुचवले आहे. उपचारानंतर बदल पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण या गटात जास्त असल्याने पाठपुरावा महत्त्वाचा. एचपीव्ही-प्रतिबंधक लसीची एक मात्रा इतर मुलींना पुरेशी मानली जात असली, तरी एचआयव्हीबाधितांना किमान दोन, शक्यतो तीन मात्रा द्याव्यात, अशी शिफारस आहे.