वर न जाणारे हेलिकॉप्टर

कागदाच्या पट्टीला वरून मधोमध चीर द्यायची, दोन्ही पाती विरुद्ध बाजूंना दुमडायची, खालच्या शेपटीला यू-पिन लावायची आणि उंचावरून सोडायचे. मुलांना उड्डाण शिकवायला ही कृती हमखास वापरतात. गंमत अशी, की हे हेलिकॉप्टर उडत नाही, पडते. त्याच्या पूर्वजांत उडणारी खेळणी आहेत तशी पडणारी यंत्रेही आहेत, पण शिकवताना बहुधा पहिल्यांचेच नाव निघते.

उडणारे घराणे जुने. काठीच्या टोकाला पाते बसवून ती तळहातांत घुसळून सोडायची बांबूची भिंगरी चीनमध्ये फार पूर्वीपासून आहे. १७८४मध्ये लोनुआ आणि बियँव्हनू या दोघा फ्रेंचांनी पिसांची, एकमेकांच्या उलट फिरणारी दोन चक्रे लावलेले खेळणे पॅरिसच्या विज्ञान अकादमीला दाखवले. पुढे १७९६मध्ये इंग्लंडात जॉर्ज केली यांनी बूच आणि पिसे वापरून तसेच काहीसे केले. १८७०मध्ये आल्फोन्स पेनो यांनी त्याला पिळलेल्या रबराची ताकद दिली. याच धर्तीचे एक खेळणे १८७८मध्ये राइट बंधूंचे वडील मिल्टन राइट यांनी घरी आणले. तेव्हा विल्बर अकरा वर्षांचा होता, ऑर्विल सात. खेळणे मोडल्यावर दोघांनी स्वतः तशीच बनवली, मग मोठी बनवली, आणि जितके मोठे तितके ते उडायला नाखूश. आकार दुप्पट केला की ताकद आठपट लागते, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हते. राइट बंधूंची गोष्ट सांगताना नेमका हाच भाग का गाळतात, कळत नाही. कागदावर तो लगेच करून पाहता येतो: त्याच जाडीच्या कागदाचे दुप्पट मोठे हेलिकॉप्टर कापले, तर पाती लुळी पडून वरच्या वर मिटू लागतात.

पडणाऱ्या घराण्यातले मोठे नाव स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हा यांचे. जानेवारी १९२३मध्ये त्यांचे ऑटोजायरो उडाले. पुढे ओढायला इंजिन होते, पण डोक्यावरचा रोटर, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांचे चक्र, इंजिनाला जोडलेलाच नव्हता. समोरून येणारी हवा तो फिरवत होती. इंजिन बंद पडलेले हेलिकॉप्टर आजही याच तत्त्वावर खाली उतरवतात. मेपलचे पंखवाले बी तेच करते, आणि त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा एक भोवरा टिकून राहून जादा आधार देतो, असे २००९मध्ये प्रयोगांनी दाखवले.

कागदी हेलिकॉप्टर फिरते ते मात्र त्याच्या चिरेमुळे. खालून येणारी हवा पाती उचलते. पाती तिरपी झाली की हवेचा रेटा थोडा आडवाही लागतो. दोन पाती शेजारी शेजारी असतात, समोरासमोर नाही, म्हणून हे दोन आडवे रेटे एकमेकांना खोडत नाहीत, पीळ देतात. पाती उलट बाजूंना दुमडा, फिरण्याची दिशाही उलटते.

कोणते कागदी हेलिकॉप्टर हवेत जास्त वेळ टिकते, या चाचण्यांचा इतिहास वेगळ्याच गल्लीतून येतो, संख्याशास्त्राच्या. विस्कॉन्सिन विद्यापीठातले जॉर्ज बॉक्स यांनी इंजिनिअरांना प्रयोगाची आखणी शिकवायला हेच हेलिकॉप्टर वापरले, आणि १९९२मध्ये त्यावर लिहिले. कागदाचा प्रकार, पात्याची लांबी, शेपटीची रुंदी, यू-पिन, चिकटपट्टी अशा आठ बाबी, प्रत्येकीचे दोन पर्याय. सगळ्या जोड्या तपासायच्या तर २५६ हेलिकॉप्टरे लागतील. नीट निवडलेल्या सोळांत काम भागते. शाळेत आपण 'एका वेळी एकच गोष्ट बदला' असे बजावतो. बॉक्स यांचा आग्रह याच्या उलट होता: अनेक गोष्टी एकदम बदला, पण आखून. लांब पात्याला जाड कागद मानवतो आणि आखूड पात्याला पातळ, असे काही असेल, तर एकेक बदलत गेल्यावर ते निसटते.

लहान मुलांना सोळांचे कोष्टक जड जाईल. दोन बाबी आणि चार हेलिकॉप्टरे पुरतात. खरी अडचण घड्याळाची. डोक्याच्या उंचीवरून सोडले तर सगळा खेळ सेकंद-दोन सेकंदांत आटोपतो, आणि स्टॉपवॉचचे बटण दाबण्यातच दोन-तीन दशांश सेकंद इकडेतिकडे होतात. म्हणून जिन्यावरून सोडावे, तेच हेलिकॉप्टर पुन्हा पुन्हा सोडावे, आणि वेळ प्रत्येक वेळी का बदलते हे मुलांनाच विचारावे.