सौर पंप की सौर वाहिनी? 'आमच्यात सोलर आलं' म्हणजे नेमकं काय आलं

कवठेमहांकाळकडच्या मामांचा फोन आला. "गावाजवळ माळावर प्लेटा बसवायला लागल्यात. आता आमच्या हिरीवर कवा बसवणार? अर्ज कुठं करायचा?" मामांच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे आणि वीजजोडणी वडिलांच्या काळातली. माळावरच्या त्या प्लेटा सौर वाहिनीच्या, त्यासाठी अर्ज करायची गरजच नाही, हे त्यांना पटवून द्यायला अर्धा तास गेला. त्यानंतर हाच घोळ तासगावात ऐकला, जतमध्येही ऐकला. नावांतच गोंधळ आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आणि 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी' (वाहिनी म्हणजे विजेच्या उपकेंद्रातून शेतांकडे येणारी लाइन, फीडर) या दोन्हींत सौरही आहे, कृषीही आहे, आणि दोन्ही योजना राज्य सरकारच्याच.

पंपाची गोष्ट सरळ आहे. प्लेटा तुमच्या रानात, कंट्रोलर तुमच्या विहिरीजवळ, मोटरही त्याच संचातली. महावितरणच्या तारेशी त्याचा काही संबंध नाही. २०२४ साली आलेली ही योजना मुख्यतः ज्यांच्या शेतात पारंपरिक जोडणी नाही, पण पाण्याची खात्रीची सोय आहे, त्यांच्यासाठी आहे. खर्चातला १० टक्के हिस्सा शेतकऱ्याने भरायचा. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. बाकीचं अनुदान केंद्र आणि राज्य मिळून देतात. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्यापुढे साडेसात एचपी असा हिशेब आहे. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा असतो. बिल येत नाही, कारण मीटरच नाही.

वाहिनीत तुमच्या रानात काहीच बदलत नाही. मोटर तीच, स्टार्टर तोच, डीपी (ट्रान्सफॉर्मर) तोच. बदलतं ते उपकेंद्राच्या बाजूला. शेतीची वाहिनी गावठाणापासून आधीच वेगळी केलेली असते. त्या उपकेंद्राच्या आसपास पडीक किंवा सरकारी जमिनीवर सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्याची वीज थेट त्या वाहिनीला मिळते. योजना मूळची २०१७ ची. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. शेतकऱ्याने अर्ज करायचा नाही, पैसे भरायचे नाहीत. तुमची वाहिनी जोडली गेली की त्यावरच्या सगळ्याच मोटरींना दिवसा वीज मिळते. ढग आले तर कमी पडणारी वीज ग्रीडमधून येते.

सरकार हे का करतंय? कारण शेतीची वीज स्वस्त ठेवण्याचा भार आजवर बराचसा उद्योगांच्या बिलावर पडत आलाय, आणि या प्रकल्पांतली वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळते. शिवाय वीज जवळच तयार झाली की लांबच्या तारांतली गळती कमी होते.

पण दोन्ही योजनांचं खरं मोल मला रात्रीच्या पाण्यात दिसतं. एक आठवडा दिवसाची लाइट, एक आठवडा रात्रीची, या चक्रात आपल्या भागातल्या किती जणांनी बॅटरी हातात घेऊन उसाला पाणी पाजलंय! विंचू-साप तर होतेच. शिराळा आणि कराडकडे आता बिबट्याही आहे. त्यामुळे 'दिवसा वीज' हे दोन शब्द मला अनुदानाच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठे वाटतात.

आता बिलाचं. सौर पंप म्हणजे फुकट आणि वाहिनी म्हणजे बिल, असा समज आहे. पण बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात एचपीपर्यंतच्या मोटरीला बिल नाही. म्हणजे निदान तोवर तरी बिलाकडे बघून दोन्हींतलं एक निवडण्यात अर्थ नाही.

निवड करायची ती पाण्याची खोली आणि मोटरीची ताकद बघून. सौर पंपाचं पाणी उन्हाबरोबर चढतं आणि उतरतं. सकाळी नऊला धार बारीक, अकरा ते तीन भरपूर, संध्याकाळी पुन्हा बारीक. द्राक्षबागेला ठिबकचा दाब सारखा लागतो, तिथे सकाळी एका वेळी बागेचा छोटाच भाग भिजवावा लागतो. जत-आटपाडीकडच्या खोल बोअरला उन्हाळ्यात पाणी आणखी खाली गेलं की ही अडचण जास्त जाणवते. कृष्णाकाठी नदीवरून लांब पाइपलाइनने पाणी उचलणाऱ्या मोठ्या मोटरींना तर साडेसात एचपी पुरतच नाही. त्यांचा आधार वाहिनीच.

वाहिनीचा दोषही सांगतो. डीपी जळाला किंवा तार तुटली, तर डोक्यावर कितीही ऊन असो, मोटर बंदच. माळावरचा प्रकल्पही तारेत वीज नसली की आपोआप थांबतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती व्यवस्था मुद्दाम ठेवलेली असते. सौर पंपवाल्याला ही चिंता नाही. म्हणून ज्याचं रान खांबांपासून लांब आहे आणि विहिरीला बऱ्यापैकी वर पाणी आहे, त्याने पंपाचा अर्ज करावा. ज्याच्याकडे चालू जोडणी आहे, त्याने पंपामागे धावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीची बातमी वाचून काही जण तिसराच गोंधळ करतात. राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून २०२४ मध्ये तिचं नाव झालं, ते मुख्यतः घरांच्या छतांवरच्या प्लेटांमुळे. शेतीच्या या दोन योजनांशी त्याची गल्लत नको.

राहिला जमिनीचा प्रश्न. वाहिनी योजनेत जमीन भाड्याने देता येते: हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये, दरवर्षी ३ टक्के वाढ. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो, तिला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळतात. पण जमीन उपकेंद्राच्या जवळ हवी, आणि करार दीर्घ मुदतीचा असतो. त्या जमिनीवरची वीज तुमच्या एकट्याच्या मोटरीला नाही, सगळ्या वाहिनीला जाते. मामांनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आमची वाहिनी कुठली, ते कुणाला विचारू?" गावच्या वायरमनला विचारा म्हटलं, तो उपकेंद्राचं आणि वाहिनीचं नाव तोंडपाठ सांगेल.